ग्राहकांचे जुने ईमेल पत्ते तपासायचे कसे? ऐन हंगामात खातं बंद पडलंय

कातळावरचं_कलम · ११ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे, वडिलांनी लावलेली कलमं, आणि गेली अकरा वर्षं आम्ही दलालाकडे माल न घालता थेट गिऱ्हाइकाकडे पेट्या पाठवतो, मुंबई पुणे जास्त, थोडं नाशिक कोल्हापूर. दरवर्षी मार्चमध्ये सगळ्यांना एक मेल जातो, यंदा फळ कसं धरलंय, भाव काय, बुकिंग कधीपासून. त्या एका मेलवर आमचं जवळजवळ निम्मं बुकिंग होतं.

परवा ४,८७० पत्त्यांवर मेल पाठवला आणि त्यातले ६११ परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या सेवेतून आम्ही मेल पाठवतो त्यांचं पत्र, की तुमचं खातं थांबवलंय, यादी साफ करून कळवा, मग बघू. आंबा काय थांबणारे का यांच्यासाठी? पंधरा दिवसांत पेट्या भरायला लागतील.

पत्ते विकत घेतलेले नाहीत. बरेचसे प्रदर्शनात स्टॉलवर वही ठेवतो त्यात लोकांनी स्वतः लिहिलेले, काही वेबसाइटवरच्या ऑर्डरचे, आणि साधारण ६०० एका मोठ्या सोसायटीच्या ग्रुपमधून मेव्हण्याने आणून दिलेले. इंटरनेटवर बघितलं तर पत्ते तपासून देणाऱ्या बऱ्याच सेवा आहेत, फाइल चढवायची, पैसे भरायचे, तासाभरात कुठला चालू कुठला बंद सांगतात म्हणे. कोणी वापरलंय का? खरंच कळतं का त्यांना? की घरच्या घरी काही करता येईल? प्लीज जरा सविस्तर सांगा, मी कॉम्प्युटरमधला नाही पण शिकायची तयारी आहे.

चहा_बिस्किट · ११ मार्च, रात्री ११:०५

दुसऱ्या कंपनीत नवीन खातं काढा आणि तीच यादी तिकडून पाठवा. माझ्या मित्राने तसंच केलं होतं, हंगाम तरी निघेल.

पोर्ट_पंचवीस · ११ मार्च, रात्री ११:३२

चहा_बिस्किट, कृपया असा सल्ला देऊ नका. तीच यादी दुसरीकडून पाठवली की तिकडेही दोन दिवसांत हेच होणार, आणि मधल्या मध्ये यांच्या डोमेनचं, म्हणजे पत्त्यात ॲटच्या पुढे जे असतं त्याचं, नाव आणखी खराब होणार. सेवा बदलली तरी डोमेन तेच राहतं आणि जीमेल याहूवाले डोमेन लक्षात ठेवतात.

कलमदादा, मी मेल सर्व्हर सांभाळण्याचंच काम करतो, सकाळी नीट बसून लिहितो. तोवर एक करा, ते ६११ परत का आले याचा अहवाल सेवेच्या खात्यातून उतरवून घ्या. खातं थांबवलं असलं तरी अहवाल सहसा दिसतो.

मुठेकाठी · १२ मार्च, सकाळी ७:५०

६११ म्हणजे साडेबारा टक्के झाले की हो. खूपच आहे. ॲमेझॉनची जी मेल पाठवायची एसईएस सेवा आहे तिथे परत येणारे मेल ५ टक्क्यांवर गेले की खातं नजरेखाली येतं आणि १० टक्क्यांवर पाठवणंच थांबवू शकतात. तक्रारींचं तर याहून कडक, ०.१ टक्क्याला नजरेखाली आणि ०.५ ला थांबवतात. म्हणजे हजारात एकाने स्पॅम दाबलं तरी भुवया उंचावतात.

पोर्ट_पंचवीस · १२ मार्च, सकाळी ९:१५

हं, आता लिहितो, जरा लांबेल.

पत्ता तपासणं म्हणजे या सेवा नक्की काय करतात ते आधी समजून घ्या, म्हणजे पैसे कशाचे देताय ते कळेल. पहिली पायरी नुसती अक्षरं बघायची. ॲटचं चिन्ह एकच आहे का, मध्ये स्पेस नाही ना, टिंबाच्या जागी स्वल्पविराम तर पडला नाही, ॲटच्या आधीचा भाग ६४ अक्षरांच्या आत आहे का. हे एक्सेलमध्येही होतं. दुसरी पायरी डोमेनची, म्हणजे ॲटच्या पुढचं जे नाव आहे ते अस्तित्वात आहे का आणि त्याची डाक कुठला सर्व्हर घेतो हे डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीला, विचारायचं. त्या नोंदीला एमएक्स रेकॉर्ड म्हणतात. विंडोजमध्ये एनएसलुकअप म्हणून आज्ञा असते तिनेही दिसतं, फुकट. काही डोमेनं तर एमएक्सच्या जागी नुसतं टिंब ठेवून स्पष्ट सांगतात की आम्ही मेल घेतच नाही, २०१५ पासून तसा रीतसर नियमच आहे.

तिसरी पायरी खरी गमतीची आणि तिथेच सगळी मेख आहे. तुमच्या वतीने त्या सर्व्हरला २५ नंबरच्या पोर्टवर (सर्व्हरचं डाक घ्यायचं दार) जाऊन हाक मारायची, आम्ही अमुक, तुमच्याकडच्या तमुकला मेल द्यायचाय, आणि त्याने २५० म्हटलं की माणूस आहे, ५५० म्हटलं की नाही, आणि मजकूर न देताच निघून यायचं. पोस्टमनने फाटकात उभं राहून कुलकर्णी इथेच राहतात का विचारावं आणि हो म्हटल्यावर पत्र न देताच परत फिरावं, तसं. पूर्वी, म्हणजे १९८२ च्या मूळ एसएमटीपीमध्ये (सर्व्हरांनी एकमेकांना मेल द्यायची ठरलेली पद्धत), याच्यासाठी व्हीआरएफवाय अशी वेगळी आज्ञाच होती, पण स्पॅमवाल्यांनी शब्दकोशातली नावं एकामागून एक लावून खरे पत्ते गोळा करायला सुरुवात केली, म्हणून जवळपास सगळ्यांनी ती बंद केली. आता विचारलंत तर बहुतेक ठिकाणी २५२ येतं, म्हणजे सांगू शकत नाही, पाठवून बघा.

मग फाटकातल्या उत्तरावर भरवसा किती? कंपन्यांची बरीच डोमेनं अशी लावलेली असतात की ॲटच्या आधी काहीही लिहा, हो म्हणतात. तिथे तपासणीवाला फक्त माहीत नाही एवढंच सांगू शकतो, काही जण मात्र असे पत्ते बिनदिक्कत चालू म्हणून मोजतात. काही सर्व्हर अनोळखी माणसाला पहिल्यांदा मुद्दाम ४५१ देऊन थोड्या वेळाने ये म्हणतात, कारण स्पॅमवाला परत येत नाही आणि खरा सर्व्हर येतो. तेव्हा घाईत तपासणाऱ्याला चांगला पत्ताही बंद वाटू शकतो.

घरून करायचा नादच सोडा. घरच्या इंटरनेटवर २५ पोर्ट बहुतेक वेळा बंद असतं, गूगल क्लाउडवर मुळातच बंद, ॲमेझॉनवर मागून घ्यावं लागतं. आणि जमलं तरी तुमच्या आयपीवरून (इंटरनेट जोडणीच्या नंबरावरून) हजारो लोकांची चौकशी करून मेल न देता पळणारा माणूस म्हणून तुमचीच नोंद होईल.

सगळ्यात महत्त्वाचं आता. स्पॅम पकडणाऱ्यांनी ठेवलेले काही सापळे असतात, खरेखुरे चालू पत्ते, पण त्यांच्या मागे माणूस नसतो. काही कधीच कोणाला दिलेले नसतात, तर काही कुणाचे तरी जुने सोडून दिलेले, वर्षभर नाही म्हणून परत पाठवलेले आणि मग पुन्हा चालू केलेले. ज्याची यादी जुनी किंवा उचललेली असते तोच तिथे मेल पाठवतो. या सापळ्याला फाटकात विचारलंत तर तो २५० म्हणणार. त्यामुळे कितीही पैसे घेणारी सेवा असली तरी सगळे सापळे काढून देणं तिला शक्य नाही. पत्ता चालू आहे का हे ती सांगेल, त्या माणसाला तुमचा मेल हवाय का हे कोणताच सर्व्हर सांगू शकत नाही.

म्हणून विचारतो, सोसायटीचे ते ६००, त्या लोकांनी तुम्हाला कधी पत्ता दिला होता का?

कातळावरचं_कलम · १२ मार्च, दुपारी १:२०

पोर्टदादा, तीनदा वाचलं तुमचं, खूप धन्यवाद, एवढं कोणी समजावून सांगत नाही.

नाही दिला होता. मेव्हणा तिथे कमिटीत आहे, त्याच्याकडे सगळ्यांचे पत्ते मेंटेनन्सच्या कामासाठी होते. तेव्हा चूक वाटलं नव्हतं, आंबाच तर विकतोय असं वाटलं.

अहवाल काढला. ६११ मधले ४३८ जण असा माणूसच नाही म्हणून, ५७ चं डोमेनच नाही, ७१ ची पेटी भरलेली (मेलची पेटी हो), बाकी ४५ वेगवेगळं काहीबाही. डोमेन नाही त्यात बरेच जीमेलचं स्पेलिंग चुकलेले, कॉमच्या जागी कॉन, हे वहीतून टाइप करताना आमच्याकडूनच झालेलं दिसतं. हे सरळ जीमेल करून टाकू का? आणि जुन्या व्हीएसएनएल इंटरनेटचे पत्ते पण आहेत बरेच.

सावली_वकील · १२ मार्च, दुपारी ३:०५

सोसायटीचे पत्ते आजच्या आज काढा. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. माणसाने पत्ता ज्या कामासाठी दिला त्याच कामासाठी वापरायचा हे त्याचं सूत्र आहे, आणि दिलेली परवानगी जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे. मेंटेनन्ससाठी दिलेला पत्ता आंब्यासाठी वापरला तर यात तुम्हीही अडकता आणि मेव्हणेही.

आणखी एक कोणी बोललं नाही म्हणून सांगते. तपासणीच्या सेवेकडे फाइल चढवणं म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकांची नावं पत्ते तिसऱ्याच्या हातात देणं. कायद्याने जबाबदारी तुमचीच राहते, त्या सेवेशी लेखी करार हवा. निदान नाव, फोन, काय घेतलं हे सगळे कॉलम उडवून फक्त ईमेलचा एक कॉलम द्या, आणि ते लोक फाइल किती दिवसांनी पुसतात ते वाचून घ्या.

दिवाळी_अंकवाली · १२ मार्च, संध्याकाळी ६:४८

कलमदादा, आम्ही एक छोटा दिवाळी अंक काढतो, वर्गणीदारांची यादी माझ्याकडे आहे म्हणून तुमचं दुखणं चांगलंच कळतं. वहीतल्या अक्षरांनी आमचाही जीव घेतलाय. एक इंग्रजी एल आणि एकचा आकडा, ओ आणि शून्य, आर आणि एन जोडून लिहिले की एम वाटतो.

पण एक खूण मला फार उपयोगी पडली ती सांगते. जीमेलच्या पत्त्यात ॲटच्या आधी अंडरस्कोर किंवा आडवी रेघ असूच शकत नाही, खातं काढताना गूगल फक्त अक्षरं, आकडे आणि टिंब घेतं. तेव्हा यादीत जीमेलवाला पत्ता आहे आणि मध्ये अंडरस्कोर आहे, तर तो शंभर टक्के चुकीचा, बहुतेक वेळा वहीत ते टिंब असतं नाहीतर तो पत्ता याहूचा असतो, याहूला अंडरस्कोर चालतो. एक्सेलमध्ये शोधा, पाच मिनिटांचं काम आहे, सर्व्हरला विचारायचीही गरज नाही.

टिंबांचं मात्र उलट. जीमेल टिंब मोजतच नाही, टिंब घाला न घाला डाक एकाच माणसाला जाते. त्यामुळे तेच गिऱ्हाईक यादीत दोनदा असू शकतं आणि त्याला दोन मेल जातात आणि तो चिडतो. पण जीमेल टिंब मोजत नाही म्हणून इतर डोमेनांना तोच नियम लावू नका.

पोर्ट_पंचवीस · १२ मार्च, रात्री ९:१०

ताई, अंडरस्कोरचं फारच छान सांगितलंत, अगदी बरोबर आहे.

कलमदादा, चुकलेलं जीमेल आपल्या मनाने दुरुस्त करू नका. तुम्हाला ॲटनंतरची चूक दिसली, पण त्याच घाईत आधीचंही एखादं अक्षर चुकलं असेल तर मेल तिसऱ्याच माणसाकडे जाईल. जीमेलसारखी दिसणारी चुकलेली डोमेनं तर काही जणांनी सापळे म्हणूनच घेऊन ठेवलेली असतात. ऑर्डरसोबत फोन आहे ना, फोन करून विचारा.

४३८ आणि ५७ कायमचे काढा, पुन्हा प्रयत्न नको. ज्यांची पेटी भरलीय ते ७१ एकदम काढू नका पण आत्ता पाठवूही नका, गूगलची फुकटची १५ जीबी फोटोंनी भरली की मेल यायचा थांबतो, तो माणूस तुमचा चांगला गिऱ्हाईक असू शकतो. महिनाभराने एकदा बघा, तेव्हाही भरलेलीच असेल तर सोडून दिलेलं खातं समजा.

व्हीएसएनएलचं नावच २००८ मध्ये टाटा कम्युनिकेशन्स झालं, त्या काळचा पत्ता कोणी आजही रोज बघत असेल अशी आशा धरू नका. अशांना फोनच. याहूने २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेली नावं नव्या लोकांना वाटली होती, म्हणजे जुन्या याहू पत्त्यामागे आज भलताच माणूस असू शकतो आणि तो तुमचा मेल स्पॅममध्ये टाकणार, त्याचं काय चुकलं? गूगलही दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकतंय. तुमच्या ४३८ मधले बरेच तिथूनच आले असतील.

आणि हे पण बघा, मेल तुमच्या स्वतःच्या डोमेनवरून जातो का? फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू दोघांनी नियम कडक केलेत. दिवसाला ५,००० च्या वर जीमेलला पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्या डोमेनकडूनच आलाय हे पटवणाऱ्या सोयी) तिन्ही आणि एका टिचकीत नाव काढायची सोय सक्तीची आहे. तुमचे ४,८७० म्हणून सुटलो असं नका समजू, एसपीएफ किंवा डीकेआयएम तर लहान मोठ्या सगळ्यांनाच लागतं, आणि तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवायच्या.

मुठेकाठी · १२ मार्च, रात्री ९:४०

मेल कोण उघडतं त्यावरून चालू पत्ते ठरवता येतील ना? आमच्या ऑफिसात तसंच करायचे.

पोर्ट_पंचवीस · १२ मार्च, रात्री ९:५२

२०२१ च्या आधी चाललं असतं. मेल उघडला की त्यातलं चित्र उतरतं, त्यावरून उघडला हे मोजतात. त्या सप्टेंबरपासून ॲपलचं मेल ॲप चित्रं आपणहून आधीच उतरवून ठेवतं, माणसाने बघितलं नाही तरी उघडलं असं दिसतं. आंबा मागवला का, उत्तर दिलं का, लिंकवर जाऊन भाव बघितला का, हे धरा.

खाडीपलीकडून · १३ मार्च, पहाटे ४:३०

अमेरिकेतून लिहितोय, इथल्या मंडळाचं सभासदांचं काम बघतो. जुन्या यादीचं सगळ्यांनी सांगितलंय, नवीन पत्ते घेताना काय करायचं ते सांगतो, नाहीतर तीन वर्षांनी पुन्हा इथेच याल.

पत्ता आला की त्याच मिनिटाला एकच मेल पाठवायचा, तुम्ही आमच्याकडे पत्ता दिलात, तुम्हीच ना, इथे दाबा. दाबलं तरच यादीत. त्या मेलमध्ये भाव, फोटो, जाहिरात काही नको. दाबलं नाही तर परत मागे लागायचं नाही. चुकीचं स्पेलिंग, दुसऱ्याचा पत्ता, बॉटने (आपोआप फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रॅमने) भरलेला पत्ता, सगळे इथेच गळतात. २०१६ मध्ये तर बॉट लावून हजारो फॉर्मांमध्ये ठरावीक लोकांचे पत्ते भरण्याचा प्रकार झाला होता, त्या लोकांच्या इनबॉक्समध्ये मेलचा पूर आला आणि ज्यांचे फॉर्म उघडे होते ते बिचारे स्पॅमवाले ठरले.

आमच्याकडून झालेली चूक करू नका. लिंक उघडली की लगेच नाव पक्कं, असं आम्ही ठेवलं होतं. कंपन्यांच्या मेल सर्व्हरवर सुरक्षेचं सॉफ्टवेअर असतं ते प्रत्येक लिंक आधी स्वतः उघडून बघतं, त्यामुळे माणसाने काहीच न करता नावं पक्की होत होती. आता लिंक उघडल्यावर पानावर एक बटण आहे, ते दाबल्यावरच नाव चढतं.

अवांतर, फॉर्म करणाऱ्याला सांगा की फक्त इंग्रजी अक्षरंच चालतील असा नियम घालू नको. २०१४ पासून डॉट भारत डोमेन देवनागरीत मिळतंय आणि देवनागरीतला ईमेल पत्ताही रीतसर चालतो. आपल्याच भाषेतला पत्ता आपल्याच माणसाच्या फॉर्मने चुकीचा ठरवावा हे मला फार लागतं.

कातळावरचं_कलम · २४ मार्च, रात्री ११:१५

मंडळी, उशीर झाला, पेट्या भरायचं सुरू झालंय. काय काय केलं ते लिहितो, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

सोसायटीचे सगळे काढले, मेव्हण्यालाही सांगितलं. परत आलेले काढले. मग पोर्टदादांना फोन केला (त्यांनी अर्धा तास दिला, खरंच उपकार) आणि त्यांच्या सांगण्यावरून तपासणीच्या सेवेला सगळी यादी दिलीच नाही. गेल्या दोन हंगामांत ज्यांनी आंबा घेतला ते १,१४० वेगळे काढले, मेल पाठवणाऱ्या सेवेला सगळं लिहून कळवलं, त्यांनी खातं उघडलं, आणि रोज २०० असे पाठवले. ९ परत आले फक्त. साधारण पाऊण टक्का.

बाकीचे जुने, त्यातल्या ज्यांचा फोन आहे त्यांना मी आणि बायको संध्याकाळी फोन करतोय, रोज तीस चाळीस. ताई, तुमची अंडरस्कोरची खूण लावली तर २६ पत्ते निघाले. त्यातले एक पुण्याचे काका, सुरुवातीच्या वर्षांत दर हंगामाला चार पेट्या घ्यायचे. वही काढून बघितली तर त्यांनी स्वच्छ टिंब दिलंय, आम्हीच अंडरस्कोर टाइप केला. फोन केला तर म्हणाले, तुमचा मेल यायचा बंद झाला म्हणून आम्हाला वाटलं बाग विकलीत की काय. चार वर्षं ते बाजारातून पेट्या घेत होते. मला दोन मिनिटं बोलताच येईना. चार वर्षं दरवर्षी तो मेल परत येत होता आणि आम्ही एकदाही अहवाल उघडून बघितला नव्हता.

आता एक शेवटचा प्रश्न. एप्रिलमध्ये पुण्यात प्रदर्शन आहे, वही बंद करून मुलगी टॅबवर पत्ता घेणार आणि समोरच खात्रीचा मेल पाठवणार असं ठरवलंय. पण मंडपात रेंजच नसते, गर्दीत मेल जातच नाही. मग काय करावं?

दिवाळी_अंकवाली · २५ मार्च, सकाळी ८:०२

दादा, काकांचं वाचून गलबलून आलं.

रेंज नसेल तर पत्ता टाइप झाला की टॅब त्यांच्याकडे फिरवा, अक्षरं मोठी ठेवा आणि मुलीने एकेक अक्षर मोठ्याने वाचून दाखवायचं, बीवाला बी की डीवाला डी, टिंब की रेघ, आणि त्यांनी हो म्हटल्यावरच सेव्ह. आम्ही साहित्य संमेलनाच्या स्टॉलवर असंच करतो, एका माणसाला अर्धा मिनिट लागतो. खात्रीचे मेल त्याच संध्याकाळी मुक्कामावर गेल्यावर पाठवायचे, दुसऱ्या दिवसावर ढकलायचे नाहीत, कारण रात्री घरी गेल्यावर त्यांना स्टॉल आठवत असतो.

पोर्ट_पंचवीस · २५ मार्च, सकाळी ८:३०

आणि पाठवणाऱ्याच्या नावात बागेचं नाव ठेवा, विषयात प्रदर्शनाचं. मला दोन पेट्या लागतील, पत्ता फोनवर दिलाय तोच.